इन्सुलिनास खुले पत्र: यकृताचा हिशेब दे

इन्सुलिन,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही आणि ‘माननीय’ लिहावं असं तुझं अलीकडचं वागणं नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. तिथे रोज कुणी ना कुणी पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन येतं. तपासणी केलेली असते मुतखड्यासाठी, पाळीच्या तक्रारीसाठी, नाहीतर कंपनीत नोकरीला लागताना. मुतखडा निघत नाही, पण तळाशी एक ओळ निघते: फॅटी लिव्हर, ग्रेड वन. माणूस विचारतो, “हे काय आहे?” त्याला आजवर मिळालेली उत्तरं ठरलेली आहेत. तेलकट खाऊ नका, तूप बंद करा, दारू घेत असाल तर सोडा. ज्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही असा माळकरी माणूसही मान खाली घालून ते ऐकून घेतो आणि घरी जाऊन बायकोला म्हणतो, “मला दारुड्यांचा रोग झालाय म्हणे.” खापर तुपावर फुटतं, दारूवर फुटतं, नशिबावर फुटतं. तुझं नाव कुणी घेत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार पुरे झाला, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे.

तुझे उपकार मला माहीत आहेत, आणि ते आधी लिहून टाकते. १९२१ साली टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून तुझा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तुझी पहिली सुई दिली. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा सुई दिली आणि मरणाच्या दारात पोचलेलं पोर माघारी आलं. आजही टाइप वन मधुमेहाची मुलं तुझ्या जोरावर शाळेत जातात, संसार करतात, म्हातारी होतात. त्यांच्या फ्रिजमधल्या कुपीत असतोस तो तूच. म्हणून तर राग जास्त येतो. ज्याच्या अंगात मेलेल्याला उठवायची ताकद आहे, त्याच्याच हातून धडधाकट माणसांची यकृतं वर्षानुवर्षं, आवाज न करता, चरबीने भरत जावीत, याला काय म्हणायचं?

आता तुझं काम लोकांपुढे मांडते.

जेवण झालं, रक्तात साखर चढली की तू स्वादुपिंडातून निघतोस. निघून साऱ्या शरीरभर फिरत नाहीस, पोर्टल शिरेतून आधी थेट यकृतात जातोस. यकृत पहिल्याच फेरीत तुझा जवळजवळ निम्मा हिस्सा टिपून घेतं, उरलेला पुढे स्नायूंकडे आणि चरबीच्या पेशींकडे जातो. यकृतात शिरताना तुझं प्रमाण हातापायांतल्या रक्तापेक्षा दोन ते तीन पट असतं. म्हणजे यकृताशी तुझी जितकी गाठ पडते तितकी कुणाशीच पडत नाही, आणि तिथे जे बिघडतं त्याची पहिली विचारणा तुलाच व्हायला हवी.

तिथे तुला दोन हुकूम द्यायचे असतात. पहिला: बाहेरून साखर आली आहे, आता तू स्वतः साखर बनवणं थांबव. दुसरा: आलेली साखर साठव. थोडी ग्लायकोजेन म्हणून ठेव. ती जागा फार मोठी नसते, प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम. ती भरली की उरलेल्या साखरेची चरबी कर. या दुसऱ्या हुकमाची माहिती लोकांना नाही. यकृतातली चरबी म्हणजे तोंडावाटे गेलेलं तेल-तूप, असाच सगळ्यांचा समज आहे. भात, साखर, मैदा, बिस्किटं यांच्यापासून यकृत स्वतः चरबी बनवतं आणि ती बनव असं तू सांगतोस, हे रुग्णाला सांगितलं की तो माझ्याकडे अविश्वासाने बघतो.

म्हणून जरा खोलात जाऊन सांगते. तू यकृताच्या पेशीवरच्या ग्राहीला चिकटलास की आत ‘एसआरईबीपी-वन-सी’ नावाचं प्रथिन जागं होतं. ते पेशीच्या केंद्रकात जातं आणि चरबी बनवणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतं. साखरेचं विघटन होऊन दोन-दोन कार्बनचे तुकडे तयार होतात. ते एकापुढे एक जोडले जातात आणि १६ कार्बनची साखळी बनते, पामिटिक आम्ल. अशा तीन साखळ्या ग्लिसरॉलला जोडल्या की ट्रायग्लिसराइड तयार. सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत पांढुरकं, चकाकतं दिसतं ते याच्या थेंबांमुळे. साखळी जोडताना मधल्या टप्प्यावर ‘मॅलोनिल-कोए’ नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तो मेदाम्लांना मायटोकाँड्रियात, म्हणजे जळण्याच्या जागी, जाऊ देत नाही. यकृत चरबी बनवत असतं तेव्हा चरबी जाळत नाही, ते असं. दोन्हीकडून नाकाबंदी तुझीच.

हे गरजेपुरतं असतं तोवर माझं काही म्हणणं नाही. रक्तातलं तुझं अर्धायुष्य जेमतेम पाच मिनिटांचं. जेवण जिरलं की तू बाजूला व्हावंस, तुझ्या उलट काम करणाऱ्या ग्लुकॅगॉनने पुढे यावं, यकृताने साठवलेली साखर सोडावी, चरबी जाळावी आणि रात्रभर हेच चालावं, अशी शरीराची रीत. माझी तक्रार आहे ती शरीर तुझं ऐकेनासं झाल्यावर तू जे करतोस त्याबद्दल.

बैठं काम, अपुरी झोप, पोटाभोवती साठलेली चरबी, दिवसभर चालू राहणारं तोंड. यातून पेशी हळूहळू तुला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड तुला जास्त प्रमाणात पाठवतं. आणि यकृतात विपरीत घडतं. पहिला हुकूम पाळला जात नाही. थांब म्हटलं तरी यकृत साखर बनवत राहतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी साखर ११५ येते आणि माणूस म्हणतो, “मॅडम, रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग ही साखर आली कुठून?” दुसरा हुकूम मात्र तंतोतंत पाळला जातो, आणि तू रक्तात दुपटीने असलास तर त्याच जोमाने पाळला जातो. डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या नोबेलविजेत्या जोडीने २००८ साली हा विरोधाभास नेमका मांडला: मधुमेहाकडे निघालेल्या माणसाचं यकृत तुला सरसकट नाकारत नाही, निवडून नाकारतं. जे काम माणसाला वाचवतं त्यात तू निकामी, आणि जे काम त्याला बुडवतं त्यात तू तत्पर. कुंपणच शेत खातं, ते असं खातं.

पुरावा मागशील. तो तुझ्या जन्मगावीच आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही मधुमेही रुग्णांचं डायलिसिस पोटाच्या पोकळीत द्रव सोडून करतात. टोरांटोच्या डॉक्टरांनी त्या द्रवातच इन्सुलिन मिसळून द्यायला सुरुवात केली होती. १९८९ साली तिथल्या विकृतिशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांची यकृतं तपासली. यकृताच्या आवरणाला लागून, जिथे जिथे तो द्रव भिडत होता तिथे तिथे, चरबीचा पातळ थर आढळला. ज्यांच्या द्रवात इन्सुलिन नव्हतं त्यांच्यात हा थर नव्हता. जिथे तुझा हात लागला तिथेच चरबी! पुढे कॅनडातल्याच एडमंटनमध्ये मधुमेही रुग्णांच्या यकृतात तुला बनवणाऱ्या पेशींचं रोपण सुरू झालं. पेशी रुजल्या, साखर सुधारली, आणि काहींच्या एमआरआयमध्ये रोपण केलेल्या पेशींच्या भोवती चरबीची कडी दिसली.

आणि उलट बाजूचा पुरावा केंब्रिजचा, २००९ सालचा. काही मोजक्या माणसांमध्ये तुझा ग्राहीच जन्मतः बिघडलेला असतो. त्यांच्या शरीरात तुझा कुठलाच हुकूम चालत नाही. रक्तात तू प्रचंड प्रमाणात असतोस, साखर आवाक्याबाहेर असते. या माणसांचं यकृत चरबीने भरायला हवं होतं. भरलेलं नव्हतं. ट्रायग्लिसराइडही वाढलेलं नव्हतं. तुझा आवाज यकृतात पोचतच नाही, तर चरबीही होत नाही. यापेक्षा सरळ साक्ष मला सुचत नाही.

तुझ्या बचावातला एक मुद्दा मात्र मी दडवणार नाही, कारण तो खरा आहे. यकृतातली सगळी चरबी तिथे बनलेली नसते. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी खुणेचे अणू वापरून फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढला. सुमारे ५९ टक्के चरबी रक्तात फिरणाऱ्या मेदाम्लांतून आली होती, २६ टक्के यकृताने स्वतः बनवली होती आणि जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली होती १५ टक्के. निरोगी माणसाच्या यकृतात उपाशीपोटी स्वतः बनवलेल्या चरबीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असतो. इथे तो पाचपट. तू म्हणशील, मोठा हिस्सा तर माझा नाही. पण ती ५९ टक्के मेदाम्लं आली कुठून? मुख्यतः पोटाच्या, कंबरेच्या चरबीच्या पेशींतून गळून. ती तिथेच राखून ठेवणं हे काम कुणाचं? तुझंच. तिथेही तुझं कुणी ऐकत नाही, म्हणून ती सुटतात आणि यकृतात येऊन पडतात. आणि १५ टक्क्यांचा तो आकडा माझ्या माळकरी रुग्णाने वाचावा. वरणावरच्या चमचाभर तुपाला त्याने उगाच दोषी धरलं होतं.

स्नायूंमध्येही तुझी हीच गत. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली सडपातळ, तरुण, वरकरणी निरोगी माणसं घेतली. काहींचे स्नायू तुला दाद देत होते, काहींचे नव्हते. सगळ्यांना पिष्टमय जेवण दिलं. ज्यांचे स्नायू दाद देत नव्हते त्यांच्या स्नायूंनी साखर फार कमी साठवली. ती वळली यकृताकडे, आणि यकृतात चरबी बनण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. अजून मधुमेह नाही, वजन नाही, पोट नाही. सुरुवात इथे होते.

आणि आमच्या माणसांशी तर तुझं जास्तच वैर दिसतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगापुढे आणलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आमची बाळं किरकोळ, हातापायाच्या काड्या, स्नायू कमी. पण चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच राखून आलेली. पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तेव्हा लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा त्यात तू जास्त होतास. आईच्या पोटातूनच तू मागे लागला होतास.

“मी तर बारीक आहे, मला कसलं फॅटी लिव्हर?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण या भ्रमात दहा-दहा वर्षं वाया जातात. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत, जिथे माणसं शेतात राबतात, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८.७ टक्के लोकांमध्ये फॅटी लिव्हर सापडलं, आणि त्यांच्यातल्या ७५ टक्क्यांचा बीएमआय २५ च्या आत होता. वजनकाट्यावर तू दिसत नाहीस.

तू दिसतोस मानेवर. नववीतल्या एका मुलीला तिची आई घेऊन आली होती. “मॅडम, हिची मान स्वच्छच होत नाही. लिंबू लावलं, बेसन-दही लावलं, प्युमिस स्टोनने घासली.” मुलीने वेणी पुढे घेतली. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखी जाड कातडी, घड्यांमध्ये जास्त गडद, आणि दोन ठिकाणी घासून घासून सोलवटलेली. काखेतही तेच. त्या पोरीला वर्गात ‘अंघोळ करत नाहीस का’ म्हणून चिडवत होते आणि आईलाही तेच वाटत होतं. तो मळ नव्हता. रक्तात तू वाजवीपेक्षा जास्त असलास की त्वचेच्या पेशी भराभर वाढायला लागतात, आणि मान अशी काळवंडते. तिची पाळी तीन महिने आली नव्हती, हनुवटीवर केस येत होते. तिथेही तू: बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतोस आणि त्यांना बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृत बनवतं ते कमी करतोस. सोनोग्राफी ‘पीसीओडी आहे का’ बघायला केली, आणि खाली ती ओळ होतीच, ग्रेड वन. चौदाव्या वर्षी. त्या आईचा चेहरा मला विसरता येत नाही. मुलीला रागावल्याचं तिला इतकं लागलं होतं. तू केलेल्याचा मार त्या पोरीच्या मानेने खाल्ला.

तू एकटा नाहीस, हे मान्य. कॉर्टिसॉल तुझा जुना साथीदार. दुखण्यावर झटपट उतारा म्हणून त्याच्याच जातीच्या स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने खाणाऱ्यांच्या यकृतात तुम्ही दोघं मिळून काम करता. थायरॉइड मंदावला की यकृताचं चरबी जाळणं मंदावतं. यकृतातल्या थायरॉइडच्या ग्राहीला चेतवणारं रेस्मेटिरोम हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते त्यामुळेच. इस्ट्रोजेन बाईचं यकृत सांभाळतं, म्हणून पाळी जाईपर्यंत तिला पुरुषापेक्षा धोका कमी, आणि गेल्यावर तो भराभर वाढतो. पन्नाशीच्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. वाढीचं संप्रेरक कमी पडलं तरी यकृतात चरबी साठते. पण या सगळ्यांच्या मधोमध तू बसलेला आहेस. चरबीने भरलेलं यकृत तुला नीट टिपून घेत नाही, म्हणून तू रक्तात आणखी रेंगाळतोस आणि आणखी चरबी करायला सांगतोस. दहा-वीस वर्षांत काहींच्या यकृतात सूज, मग व्रण, मग सिरॉसिस. त्या वेळी पोटात पाणी भरलेल्या माणसाला पुन्हा तोच प्रश्न विचारला जातो, “दारू किती प्यायचात?”

तुला हद्दपार करता येत नाही, तुझ्यावाचून कुणी जगत नाही. पण तुझी वेळ ठरवता येते, आणि ती आम्ही ठरवू. माझ्या रुग्णांचा एक दिवस बघ. सहाला साखरेचा चहा आणि खारी. नऊला पोहे. अकराला चहा-बिस्किट. एकला जेवण. चारला चहा-फरसाण. सहाला वडापाव. साडेनऊला जेवण, आणि झोपताना मुलांबरोबर आईस्क्रीम. सकाळी सहा ते रात्री अकरा तुला एक तासाची उसंत नाही, ग्लुकॅगॉनला तोंड वर काढायला जागा नाही. एकादशीला तरी यकृताला विसावा मिळावा, तर साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. अमृततुल्यवर ‘गुळाचा चहा’ ही पाटी बघून लोक निर्धास्त होतात. गूळही मुख्यतः साखरच, आणि त्यातलं निम्मं फ्रुक्टोज थेट यकृतातच जिरतं.

महाराष्ट्रात तुझं नाव घरोघर पोचवलं ते डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून आलेल्या आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेल्या मोहिमेने. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा, मधे गोड काही नको. तुझे तास मोजायला त्यांनी सामान्य माणसाला शिकवलं, याचं मोल मी मानते. माझं म्हणणं इतकंच की त्या दोन ताटांत नुसता पोळी-भाताचा डोंगर असेल तर तू दोनदाच येशील, पण पुरासारखा येशील. डाळ, उसळ, अंडं, पालेभाजी यांना ताटात आधी जागा हवी. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा तुझी सुई चालू आहे त्यांनी हे मनाने करू नये. साखर एकदम उतरून माणूस कोसळतो. तसे रुग्ण मी सलाइनवर घेतलेले आहेत.

तू सुधारू शकतोस, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर पत्राचा खटाटोप. येलच्या त्याच चमूने २०११ साली, तुला दाद न देणाऱ्या तरुणांना फक्त एकदा ४५ मिनिटं व्यायाम करायला लावला. त्यानंतरच्या जेवणातली साखर स्नायूंनी उचलली आणि यकृतात चरबी बनणं ३० टक्क्यांनी घटलं. एका व्यायामाने! त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला रॉय टेलर यांनी ११ मधुमेही माणसांना वैद्यकीय देखरेखीखाली रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. आठवड्याभरात यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटी साखर ताळ्यावर आली. चरबी हलली आणि तुझा पहिला हुकूम, इतकी वर्षं धाब्यावर बसवलेला, यकृत पुन्हा पाळू लागलं. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर बहुतेकांच्या यकृताची सूजही ओसरते. सडपातळ माणसाला त्याहून कमी पुरतं. सात ते दहा टक्के म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला पाच ते सात किलो. डोंगर उचलायचा नाही.

म्हणून तुला शेवटचं सांगते आणि मग वाचकांशी बोलते. जेवणाच्या वेळी ये, काम कर, जा. रात्रीचे बारा तास यकृत तुझं नाही.

वाचकहो, कपाटातल्या फाइलमध्ये ‘ग्रेड वन’ लिहिलेला रिपोर्ट असेल तर तो काढा. “हे सगळ्यांनाच असतं” असं कुणी सांगितलं असलं तरी काढा. २०२१ साली केंद्र सरकारने हा आजार मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे, तो किरकोळ आहे म्हणून घेतलेला नाही. डॉक्टरांना यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा ‘फिब-४’ हा आकडा काढून मागा. त्याला तुमचं वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढेच चार आकडे लागतात आणि ते साध्या रक्ततपासणीत मिळतात. उत्तर १.३ च्या वर आलं तर यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीबद्दल विचारा. घरातल्या मुलीची मान काळी दिसत असेल तर घासू नका, तिला डॉक्टरकडे न्या. आणि आज रात्री जेवण झाल्यावर स्वयंपाकघराचा दिवा मालवा, तो सकाळी न्याहारीलाच लावा.

तुमच्याच गावातली एक डॉक्टर